२३. मोलेसरशास्त्री

मराठी-इंग्रजी कोशाचे (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कर्ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ. हे आडनाव इंग्लंडातही विरळाच. ते गावावरून पडले, आपल्याकडच्या सातारकर-नगरकरांसारखे. मोल्सवर्थ हे गाव पूर्वी हंटिंगडनशर परगण्यात होते, आता केंब्रिजशरमध्ये मोडते. १०८६च्या डूम्सडे जमीनपाहणीत त्याची नोंद आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपणाची वाडी आणि ‘मूल’ हे पुरुषाचे नाव. तेव्हा अर्थ झाला ‘मूल नावाच्या माणसाची वाडी’. मराठी ‘मोल’ किंवा ‘मूल’ यांच्याशी त्याची सांगड घालणे ही निव्वळ कोटी. शीर्षकातले ‘मोलेसर’ हे त्याच आडनावाचे मराठी तोंडी रुळलेले रूप. ‘शास्त्री’ ही पदवी त्यांच्या कोशकार्याबद्दलच्या आदरापोटी जोडलेली.