पालवा बंदर

नागपूरच्या सदर बाजाराचें नांवच त्याचा इतिहास सांगतें. इंग्रजी छावणीच्या मुख्य बाजारास ‘सदर बाजार’ म्हणत. फौजेला व अंमलदारांना दाणागोटा आणि कापडचोपड पुरविणें हें त्याचें काम. आज सदरमध्यें संध्याकाळीं कुटुंबेंच्या कुटुंबें खरेदीला व खाण्यापिण्याला येतात. गिऱ्हाईक बदललें, नांव राहिलें. छावणीच्या बाजाराचें जें झालें, तेंच मुंबईच्या एका बंदराचेंही झालें आहे. सदरचा रहिवासी मुंबईस गेला म्हणजे ‘गेट वे ऑफ इंडिया’ पाहिल्यावांचून परतत नाहीं. पण आपण एका जुन्या बंदरावर उभे आहों, हें त्याच्या क्वचितच ध्यानांत येतें.

त्या जागेचें जुनें नांव पालवा बंदर. ‘पाल’ नांवाच्या लढाऊ गलबतांवरून तें पडलें, असें एक मत आहे. इंग्रजांच्या जिभेवर ‘पालवा’चा ‘अपोलो’ झाला, आणि ग्रीकांच्या देवाचा मुंबईशीं फुकटचा संबंध जडला. त्या काळीं मोठीं जहाजें काठाला लागत नसत. तीं खोल पाण्यांत नांगर टाकीत, आणि उतारू व माल होड्या-मचव्यांतून धक्क्यावर येई. भरती-ओहोटी हेंच तेथील घड्याळ. तांडेल, खलाशी आणि हमाल यांच्या अंगमेहनतीवर बंदर चाले. शेजारच्या कुलाब्यास १८४४ पासून कापसाचा बाजार भरूं लागला. पुढें १८६७ मध्यें आगगाडी नागपुरापर्यंत पोहोंचली, तेव्हां इकडील कापसाच्या गांठींनाही मुंबईची वाट सोपी झाली.

परंतु वाढत्या व्यापाराला होड्यांची ही व्यवस्था पुरेना. १८८० मध्यें प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्यें व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्यें अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली. गोदींत जहाज थेट धक्क्याला लागे. माल उत्तरेकडील या गोद्यांकडे वळला. मागाहून विलायतेचे उतारूही बॅलार्ड पिअरवर उतरूं लागले. पालवा बंदराचें जुनें काम असें हळूहळू सरत गेलें.

याच किनाऱ्याचें नवें भाग्य ज्यानें ओळखलें, तो पुरुष नागपूरला परका नव्हता. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली होती. त्यांचेंच ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं पालवा बंदरावर उघडलें. १९११ मध्यें पंचम जॉर्ज बादशहा येथें उतरले. त्या प्रसंगाचें स्मारक म्हणून उभारलेली कमान ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झाली. तिला पंचवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची इंग्रजी पलटण तिच्याखालून निघून गेली. आज कमानीभोंवतीं प्रवाशांची दाटी, आणि मागें कुलाब्याच्या रस्त्यावर दुकानें व उपाहारगृहें.

तरीही बंदर अगदींच मेलेलें नाहीं. घारापुरीच्या व मांडव्याच्या बोटी तेथूनच सुटतात, आणि कुलाब्याच्या ससून गोदींत पहांटे मासळीचा बाजार भरतो. ज्या नागपूरच्या गिरणीनें टाटांना यश दिलें, तिच्या वांट्याला एवढेंही आलें नाहीं. एम्प्रेस मिल २००२ मध्यें बंद पडली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. दोन्हीं ठिकाणीं श्रमाच्या जागीं खरेदी आली, पण हीं दोन स्थित्यंतरें सारखीं नव्हत. पालव्याचें काम दुसऱ्या गोदींत गेलें, आणि हमालाला त्याच्यामागें जातां आलें. गिरणीचें काम कोठेंच गेलें नाहीं, तें संपलें. बादशहाच्या आगमनाची आठवण ठेवण्यास कमान आहे. मचव्यावरील हमालाची आणि साच्यावरील कामगाराची आठवण तेवढी पालवा व एम्प्रेस या दोन नांवांनींच राखिली आहे.