लाल कातडी ते ‘ग्रे’

रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि लवकरच डॉक्टर मंडळी ते उपचारासाठी वापरू लागली. पण मात्रा मोजायची कशी? कातडी लाल झाली की पुरे, हा अंदाज! कातडी मात्र माणसागणिक वेगळी. शिवाय लाली पुरती दिसेपर्यंत दिवस उलटत. दिलेले किरण परत थोडेच घेता येतात?

१९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेने हवेत निर्माण होणाऱ्या विद्युतभारावरून ‘रंटगेन’ हे एकक स्वीकारले. तरीही शरीराने किती ऊर्जा शोषली, हा खरा प्रश्न उरलाच. ती मोजण्याची वाट ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड ग्रे यांच्या संशोधनाने सुकर केली. १९७५ मध्ये एककाला त्यांचे नाव मिळाले : किलोमागे एक ज्यूल म्हणजे एक ग्रे.

मात्रा कमी पडली तर गाठ उरते, वाढली तर निरोगी पेशी मरतात. रुग्णाचा जीव या मोजमापावरच तोललेला असतो.