पोर्क पाय: नावाची हद्द

'पोर्क पाय' हे शब्द देवनागरीत लिहिले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे डुकराचे खूर उभे राहतात. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप पळालेल्या कैद्यासाठी घरातून जे खाणे चोरून नेतो, त्यात असा एक पाय आहे. अनुवादक म्हणून मी या शब्दापाशी बराच वेळ अडून राहिले. 'करंजी' म्हणावे तर आकार बदलतो, 'कचोरी' म्हणावे तर तळण आठवते. पण वाचकाच्या मनात येणारे ते खूर अगदीच परके नाहीत. पाय भाजून झाला की वरच्या भोकातून आत रस ओततात. तो परंपरेने डुकराचे पाय उकळून काढलेला असतो आणि गार झाला की थिजतो. पाया सूप करणाऱ्यांना हा चिकटपणा माहीत आहे. या रसाने सारण आणि पारी यांच्यामधली पोकळी भरते, हवेला जागा उरत नाही आणि पदार्थ टिकतो.

या पदार्थाचे सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे इंग्लंडच्या लेस्टरशायरमधले मेल्टन मोब्रे. या भागात स्टिल्टन चीज होत असे. चीज करताना उरलेली निवळी डुकरांना घालत, आणि थंडीच्या तोंडावर ती कापली जात. त्याच दिवसांत कोल्ह्यांच्या शिकारीसाठी श्रीमंत मंडळी गावात उतरत. त्यांचे मोतद्दार खिशात पाय घेऊन निघत आणि ते पाहून मालकांनाही चव लागली, असे सांगतात.

1831 मध्ये एडवर्ड ॲडकॉक याने लीड्स-लंडन घोडागाडीने आपले पाय लंडनला धाडायला सुरुवात केली. 1840 च्या सुमारास ईनॉक इव्हान्स हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. 1851 मध्ये जॉन डिकिन्सनने नॉटिंगहॅम स्ट्रीटवर दुकान थाटले. तोवर रेल्वे आली होती आणि गिऱ्हाईक देशभर पसरले होते. गावाचे नाव मोठे झाले ते पदार्थ गावाबाहेर गेल्यामुळे.

दोन दुकानांचे पाय शेजारी ठेवून कापले की फरक दिसतो. मेल्टनची पारी कढत पाणी, चरबी आणि मैद्याची, म्हणजे आपल्या उकडीच्या चुलत घराण्यातली. ती लाकडी ठोकळ्याभोवती चढवतात आणि साच्याचा आधार न देता भाजतात, म्हणून कडा पोटासारख्या फुगतात. आतले मांस खारवलेले नसते, चिरलेले असते आणि भाजल्यावर करडे दिसते. इतरत्र अनेकदा साच्यातल्या सरळ भिंती, खारवलेल्या मांसाचा गुलाबी रंग आणि बारीक खिमा भेटतो. तोही चवदार असतो. प्रश्न चवीचा नव्हता, नावाचा होता.

1998 मध्ये मेल्टनच्या परिसरातले उत्पादक, म्हणजे एकमेकांचे स्पर्धकच, संघटना काढून एकत्र आले. त्यांनी युरोपीय संघाकडे नावाला संरक्षण मागितले. नॉर्दर्न फूड्स ही मोठी कंपनी याच नावाचे पाय विल्टशायरमधल्या ट्रोब्रिज आणि श्रॉपशायरमधल्या मार्केट ड्रेटन इथे करत होती. ती कोर्टात गेली. संरक्षित हद्द सुमारे 1,800 चौरस मैलांची होती. तिचा आक्षेप असा की एवढ्या मोठ्या प्रदेशाला एका गावाचे नाव कसे शोभते? मला हा आक्षेप पोकळ वाटत नाही. शिवाय डुक्कर त्याच हद्दीतले असावे, अशी अटही नाही. 2005 मध्ये उच्च न्यायालयात कंपनी हरली, पुढे तिने माघार घेतली आणि 2009 मध्ये नावाची नोंद झाली.

त्याच निवळीचे दुसरे अपत्य पाहा. स्टिल्टन हे घोडागाड्यांच्या थांब्याचे गाव. तिथल्या खाणावळीत विकले गेल्यामुळे चीजला ते नाव मिळाले. 1996 च्या संरक्षणानुसार हे चीज डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच करता येते. स्टिल्टन गाव त्यांच्या बाहेर पडते, म्हणून तिथे स्टिल्टन करायला मनाई आहे. एका गावाने पदार्थ बाहेर पाठवून नाव राखले. दुसऱ्याने नाव दिले आणि हक्क गमावला.

आपल्याकडे 2017 मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगोल्याला वेगवेगळी भौगोलिक मानांकने मिळाली. 'आधी कोणाचा' याचा निकाल त्यातून लागला नाही; दोन नावांपुढे दोन कृती नोंदल्या गेल्या. मेल्टनच्या नोंदीनेही मूळ शोधलेले नाही. पारी कशी चढवायची, मांस कसे चिरायचे आणि कोणत्या हद्दीत, एवढेच तिने लिहून ठेवले. स्पर्धक दुकानदारांना एका ओळीत बसवायला तेवढे पुरले.

पिपच्या पायावर मात कोणत्याच गावाचे नाव नाही. अनुवादात मी 'पाय' हाच शब्द ठेवला आणि पुढच्या वाक्यात पारी आणली. खूर दिसले तर दिसोत, ते आत आहेतच.