हबीबगंजच्या दोन पावत्या

भोपाळच्या टी. टी. नगरातून स्टेशनला रिक्षा करताना ‘राणी कमलापती’ म्हटले तर चालकाला समजते, पण भाडे सांगताना तो ‘हबीबगंज’च म्हणतो. १५ नोव्हेंबर २०२१ ला हबीबगंज स्टेशनच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि नावही बदलले. काचेची दर्शनी भिंत, रुळांवरून पसरलेले प्रशस्त दालन, सरकते जिने. गाडी लावली की एक पावती हातात पडते, ती स्टेशन सांभाळणाऱ्या कंपनीची. पुढे तिकीट निघते ते भारतीय रेल्वेचे. एकाच खिशात दोन धन्यांचे कागद घेऊन माणूस फलाटावर उतरतो. रेल्वे खाजगी की सरकारी, हा वाद लोक नवा समजतात. तो नवा नाही. त्याची पाळेमुळे शोधायला आपण १८४९ सालात जाऊ.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या लंडनच्या कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई या रेल्वेसाठी आधीपासून खटपट करत होते. करार मात्र विलक्षण होता. जमीन सरकारने फुकट द्यायची, भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी द्यायची आणि रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर तूट तिजोरीतून भरायची. पाच टक्क्यांच्या वर नफा झाला तर तो वाटून घ्यायचा. नव्व्याण्णव वर्षांनी रूळ सरकारचे होणार होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीचे कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. ती हमीच्या पैशावर धावली हे सहसा कोणी सांगत नाही. भारताचे माजी अर्थ सदस्य विल्यम मॅसी यांनी पुढे संसदीय समितीपुढे कबूल केले की व्याज ठरलेले असल्यामुळे पैसा कशात गेला याची भागधारकाला फिकीर नव्हती. नाव खाजगी उद्योगाचे, जोखीम मात्र सारावसुलीतून. दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणात रेल्वेवरील या व्याजाचाही हिशेब होता.

आता आपल्या वस्तीच्या नावाकडे वळू. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. येवल्याच्या या माणसाने ऑक्टोबर १८५८ अखेर होशंगाबादच्या बाजूला नर्मदा ओलांडली, तेव्हा पाठलागावरच्या इंग्रज तुकड्या पायी आणि घोड्यावर थकत होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला होता, पण नर्मदेच्या आसपास रुळाचा पत्ता नव्हता. फौजा हलवायला रेल्वे हवी, ही गरज सरकारला अशा मोहिमांनी पटवली. तात्यांना १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी दिले. पंचवीस वर्षांनी, १८८४ मध्ये, इटारसी ते भोपाळ मार्ग पुरा झाला. त्यात भोपाळच्या शाहजहान बेगमच्या दरबारचा मोठा पैसा होता, गाड्या चालवणारी मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच. भोपाळ-उज्जैन मार्गालाही भोपाळ आणि ग्वाल्हेर या दोन दरबारांनी भांडवल पुरवले. म्हणजे या शहरात रेल्वेची मालकी पहिल्यापासूनच वाटलेली होती: रुळात बेगमेचा आणि शिंद्यांचा पैसा, कारभार लंडनच्या कंपनीचा, हुकूम कलकत्त्याचा.

१९०० मध्ये सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला विकत घेतली, पण गाडा हाकायचा मक्ता कंपनीकडेच ठेवला. हा मधला पंचवीस वर्षांचा काळ मला सर्वांत बोलका वाटतो. रूळ आणि डबे सरकारचे, संचालक लंडनमध्ये, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची तक्रार कुणापुढे मांडायची ते ठाऊक नाही. १९२०-२१ च्या विल्यम ॲकवर्थ समितीत रेल्वे कोणी चालवावी यावर मते फुटली. अध्यक्षांनी सरकारी कारभाराची बाजू घेतली. गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास त्यांच्या बाजूने उभे राहिले. १ जुलै १९२५ ला कंपनीचा मक्ता संपला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. तरी मूर्तिजापूर-यवतमाळची कापसाची शकुंतला रेल्वे सरकारी डब्यांनी धावत असूनही तिची जमीन आणि रूळ खाजगी कंपनीच्याच नावावर राहिले.

शताब्दी एक्सप्रेस १९८८ मध्ये दिल्लीहून निघाली, पुढे भोपाळ आणि मग हबीबगंज गाठती झाली. जुलै २०१६ मध्ये रेल्वेच्या स्थानक विकास महामंडळाने या हबीबगंजसाठी बन्सल समूहाशी करार केला: स्वच्छता, पार्किंग, देखभाल त्यांच्याकडे आणि भोवतीची जमीन ४५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. रूळ, सिग्नल, तिकिटे रेल्वेची. १९०० ची मांडणी उलटी झाली होती. तेव्हा गाड्या कंपनी चालवत होती, आता फलाटाबाहेरचे जग कंपनी सांभाळते.

परतताना मी दोन्ही पावत्या पुन्हा पाहिल्या. एकीवर वेळ छापली होती, कारण उशीर झाला तर पैसे वाढतात. तिकिटावरही वेळ होती. त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली होती.