ए.व्ही. रिसीव्हर

ए.व्ही. रिसीव्हर (दृक्‌श्राव्य रिसीव्हर) हे होम थिएटरच्या मांडणीतील मध्यवर्ती उपकरण आहे. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमिंग कन्सोल इत्यादी साधनांकडून आलेले संकेत ते स्वीकारते, चित्र दूरचित्रवाणी संचाकडे किंवा प्रोजेक्टरकडे पाठवते आणि ध्वनी निरनिराळ्या ध्वनिवाहिन्यांत विभागून प्रत्येक स्पीकरला विद्युत शक्ती पुरवते. पूर्वीच्या रिसीव्हरमध्ये रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असत, त्यावरून हे नाव पडले. आता त्यावर रेडिओ क्वचितच ऐकला जातो. नाव मात्र टिकून आहे.

पार्श्वभूमी

घरगुती वापरासाठीचे डॉल्बी सराउंड तंत्र १९८२ मध्ये आले. १९८७ च्या प्रो लॉजिक तंत्राने त्यात संवादांसाठी मधली वाहिनी जोडली. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती उपकरणांत आले. रिसीव्हरच्या वर्णनातील ‘५.१.२’ या संख्येचा अर्थ पाच मुख्य वाहिन्या, खोल आवाजासाठी एक सबवूफर आणि छताच्या दिशेचे दोन स्पीकर असा होतो.

शक्तीचा आकडा

दोन रिसीव्हरांची तुलना करताना ग्राहकाचे लक्ष प्रथम वॅटच्या आकड्याकडे जाते. परंतु निवडीसाठी हा सर्वांत कमी उपयोगाचा निकष ठरतो. मानवी कानाला आवाजाची पातळी शक्तीच्या प्रमाणात वाढलेली जाणवत नाही. शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती दहापट करावी लागते.

शिवाय तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ या संपूर्ण पट्ट्यात, ८ ओहमच्या स्पीकरवर आणि अत्यल्प विरूपणासह मोजलेले ९५ वॅट हे एकाच वारंवारतेवर, ६ ओहमवर आणि १० टक्के विरूपणासह मोजलेल्या १५० वॅटपेक्षा अधिक विश्वसनीय असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा जाहिरातींसाठी १९७४ मध्येच नियम केला व २०२४ मध्ये तो अधिक काटेकोर केला. बहुतेक मापने एका वेळी दोनच वाहिन्या चालवून केलेली असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. सर्व वाहिन्या एकदम चालू असताना प्रत्येकीच्या वाट्याला त्याहून कमी शक्ती येते.

स्पीकरची संवेदनशीलता येथे अधिक निर्णायक असते. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा ८ ओहमचा स्पीकर १ वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. १६ वॅटवर तो सुमारे १०० डेसिबलपर्यंत पोहोचतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला त्याच पातळीसाठी ३२ वॅट लागतात. स्पीकर ४ ओहमचे असतील, तर रिसीव्हर तेवढा भार पेलू शकतो की नाही हे माहितीपुस्तिकेत पाहणे अत्यावश्यक आहे. अन्यथा तो तापून मध्येच बंद पडू शकतो.

दोन प्रारूपांचे उदाहरण

डेनॉनच्या २०२२ मधील दोन प्रारूपांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते. एव्हीआर-एक्स२८००एच या प्रारूपात सात वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर असून ८ ओहमवर, दोन वाहिन्या चालू असताना, प्रत्येकी ९५ वॅट शक्ती नमूद आहे. एव्हीआर-एक्स३८००एचमध्ये नऊ वाहिन्या आणि प्रत्येकी १०५ वॅट आहेत. दहा वॅटचा हा फरक जेमतेम ०.४ डेसिबल, म्हणजे व्यवहारात कानाला न कळणारा आहे.

खरा फरक अन्यत्र आहे. महागड्या प्रारूपात मुख्य वाहिन्यांसाठी प्रीआउट, म्हणजे बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याची सोय आहे. खोलीचा ध्वनी मायक्रोफोनने मोजून आवाज सुधारणारी ऑडिसी प्रणालीही त्यात अधिक सूक्ष्म आवृत्तीची आहे. स्वस्त प्रारूपात मल्टइक्यू एक्सटी, तर महागड्यात मल्टइक्यू एक्सटी३२ मिळते. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि टाइल्सची जमीन असलेल्या दिवाणखान्यात ध्वनी बराच परावर्तित होतो. तेथे या प्रणालीचा, आणि त्याहूनही आधी गालिचा व जाड पडद्यांचा, उपयोग दहा वॅटपेक्षा कितीतरी जास्त होतो. छतावर दोनच स्पीकर बसवायचे असतील आणि पुढे विस्तार करायचा नसेल, तर सात वाहिन्या पुरतात. वाचलेली रक्कम स्पीकरवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.

जोडणी व विद्युतपुरवठा

दूरचित्रवाणी संचातील अ‍ॅपचा ध्वनी रिसीव्हरकडे आणण्यासाठी दोन्ही उपकरणांत एआरसी किंवा ईएआरसी सोय असावी लागते. ईएआरसीमुळे ध्वनी मूळ, असंक्षेपित गुणवत्तेसह येऊ शकतो. चित्रपटच पाहणाऱ्याला एचडीएमआय २.१ ची बहुतेक वैशिष्ट्ये लागत नाहीत. ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने हवे असलेल्या गेम खेळणाऱ्यांना ती लागतात.

परदेशातून रिसीव्हर आणताना विद्युतदाब तपासावा लागतो. अमेरिकेत विकली जाणारी प्रारूपे सामान्यतः १२० व्होल्टसाठीच बनवलेली असतात, तर भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. असे उपकरण चालवण्यासाठी पुरेशा क्षमतेचा, दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. केवळ प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर वापरल्यास उपकरण जळू शकते.