विवाहातील काटकसर : आपलाच वारसा

विवाह साधेपणाने व्हावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७३ साली सत्यशोधक समाजाने अल्प खर्चात विवाह लावण्याची प्रथा सुरू केली. आपल्या समाजात शांतिलाल मुथा यांनी १९८५ मध्ये स्थापिलेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांची चळवळ उभारली. मंडप व भोजनाचा खर्च विभागला गेल्याने वधूपित्याचा भार हलका झाला.

आपला आचारही हेच शिकवितो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळल्यास विवाह दिवसा होतो व रोषणाईचा खर्च टळतो. बार्शीच्या पेठेत कापड विकणारा मी, तरीही सांगतो : कर्ज काढून बस्ता बांधू नये. आजीचा शालू रफू करून, नवा फॉल लावून नातीने नेसावा. अपरिग्रह आणि कुळाची आठवण, दोन्ही त्यात जपली जातात.