एमएलसी (मेगालेन्सेफॅलिक ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी)

एमएलसी : लहान मुलांच्या मेंदूतील श्वेतद्रव्याचा दुर्मिळ आनुवंशिक विकार. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर झपाट्याने वाढणे, मूल उशिरा चालू लागणे, पुढे तोल जाणे, पाय ताठरणे आणि अपस्माराचे झटके ही त्याची प्रमुख लक्षणे. नेदरलँड्समधील बालमेंदूविकारतज्ज्ञ मार्यो व्हान डर क्नाप यांच्या नावानेही तो ओळखला जातो. मात्र त्याच्या शोधाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतला आहे, आणि एकाच समाजातील रुग्णांचा बारकाईने अभ्यास केल्यास वैद्यकाच्या हाती काय येते याचे हे भारतातील ठळक उदाहरण आहे.

शोध : बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे मोठ्या डोक्याची, अडखळत चालणारी, फिट येणारी मुले येत. मेंदूच्या चित्रणात श्वेतद्रव्याची मोठी हानी दिसे. एवढी हानी झालेले मूल अंथरुणाला खिळलेले असावे, असे चित्र पाहणाऱ्याला वाटे. प्रत्यक्षात ते चालत आत येई आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देई. आणखी एक गोष्ट सिंघल यांच्या नजरेत भरली. यातली बहुसंख्य मुले अगरवाल कुटुंबांतली होती. 1991 मध्ये त्यांनी ही निरीक्षणे वैद्यकीय परिषदेत मांडली. 1995 मध्ये व्हान डर क्नाप आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या अभ्यासावरून या विकाराचे सविस्तर वर्णन केले. ‘चित्र भयंकर, पण मुलाची प्रकृती त्या मानाने बरी’ ही विसंगती त्यांनीही ठळकपणे नोंदवली. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, सिंघल, रूप गुरसहानी, व्रजेश उदानी आणि सहकाऱ्यांचा भारतीय रुग्णांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

जनुक सापडायला आणखी काही वर्षे लागली. तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून ते 22 व्या गुणसूत्राच्या टोकाकडे असल्याचे 2000 मध्ये समजले आणि 2001 मध्ये ‘एमएलसी1’ हे जनुक निश्चित झाले. त्यानंतर मुंबईतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी अगरवाल कुटुंबांतील रुग्णांचे नमुने तपासले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की या मुलांमध्ये जनुकाच्या त्याच ठिकाणी तोच एक बिघाड आहे.

कारण : जनुकातील संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचला जातो. अगरवाल रुग्णांमध्ये एमएलसी1 जनुकाच्या सुरुवातीच्या भागात एक जादा अक्षर घुसलेले असते. त्यामुळे पुढचे सगळे गट सरकतात, वाचन बिघडते आणि उपयोगी प्रथिन तयार होत नाही. हे प्रथिन मेंदूतील तारकापेशींच्या आवरणात असते आणि क्षार व पाणी यांचा समतोल राखते. ते नसल्यास पाणी साठत जाते, मज्जातंतूंवरील मायेलीनच्या थरांत पोकळ्या पडतात, श्वेतद्रव्य फुगते आणि डोके मोठे होते. कानशिलाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या गाठीही तयार होतात. 2011 मध्ये ‘हेपाकॅम’ हे दुसरे जनुक सापडले; त्यातील काही बिघाडांत मूल वाढत्या वयात सुधारते, असेही दिसून आले.

एकाच समाजात एकच बिघाड का, याचे उत्तर विवाहाच्या रीतीत आहे. अगरवाल समाजात स्वतःचे गोत्र टाळून, पण समाजाच्या आत लग्ने होत आली. फार पूर्वीच्या एखाद्या पूर्वजातील बिघाड अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतो. आई आणि वडील दोघेही या बिघाडाचे वाहक असतील, तरच मूल आजारी पडते. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसल्याने तो आपल्या जनुकाविषयी अनभिज्ञ असतो. याला कुणाचा दोष म्हणता येत नाही, आणि असे घडणारा हा एकटा समाजही नाही. लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांत एमएलसी1 मधलाच वेगळा बिघाड आढळला आहे. विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल या रक्तविकाराचे जनुक टिकून राहण्यातही समाजांतर्गत लग्नांचा वाटा आहे. समाजाचे नाव वैद्यकीय नोंदीत येते ते तपासणी सोपी व्हावी म्हणून. ते कलंकाचे कारण होता कामा नये.

लक्षणे आणि अपस्मार : जन्मतः किंवा पहिल्या वर्षभरात डोके वयाच्या मानाने बरेच मोठे होते, नंतर वाढीचा वेग मंदावतो. मूल बसते, बोलते, थोडे उशिरा चालते. शाळेच्या वयात तोल जाऊ लागतो, पाय कडक होतात. अनेकांना किशोरवयात किंवा त्यानंतर चाकाच्या खुर्चीची गरज लागते. बुद्धीची घसरण उशिरा आणि सावकाश होते, म्हणून शाळा सोडवण्याची घाई करू नये. झटके बहुधा लहानपणीच सुरू होतात आणि नेहमीच्या औषधांनी बऱ्याचदा आटोक्यात राहतात. धोका असतो तो डोक्याला लागण्याचा. खेळताना बसलेल्या किरकोळ माराने दीर्घकाळ न थांबणारे झटके येऊ शकतात किंवा मूल काही काळ बेशुद्ध पडू शकते. म्हणून तज्ज्ञ हेल्मेट सुचवतात आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळायला सांगतात.

एमएलसीत नेहमीची औषधे चालतात, पण बालपणीच्या सगळ्या आनुवंशिक अपस्मारांना एकच उपचार चालत नाही. शार्लोट द्राव्हे यांनी 1978 मध्ये वर्णिलेल्या द्राव्हे विकारात बहुतेक मुलांमध्ये ‘एससीएन1ए’ या जनुकात बिघाड असतो. तिथे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनसारखी परिचित औषधे झटके वाढवू शकतात. ‘ग्लुट1’ या प्रथिनाच्या उणिवेत मेंदूला पुरेशी साखर पोहोचत नाही, तिथे भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्टमय पदार्थांचा कीटोजेनिक आहार उपयोगी पडतो. पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेल्या अपस्मारात ‘ब6’ जीवनसत्त्वाने झटके थांबतात. जनुकाचे नाव कळले, की औषधाची निवड अशी थेट बदलते.

निदान : एमआरआयवर श्वेतद्रव्याची सर्वदूर सूज आणि कानशिलाच्या भागातील गाठी दिसल्या, की अनुभवी तज्ज्ञाला एमएलसीची शंका येते. रक्तातील जनुकतपासणीने ती पक्की होते. अगरवाल कुटुंबातील मुलात आधी त्या एकाच ठिकाणची तपासणी करता येते, आणि 2004 च्या निष्कर्षाचा हा सर्वांत व्यावहारिक लाभ आहे.

गावापासून तज्ज्ञापर्यंत : बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावात अशा निदानाची सुरुवात एमआरआयने होत नाही, मोजपट्टीने होते. बाळाच्या डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून नोंदवला, तर वेगाने वाढणारे डोके अंगणवाडीतच लक्षात येते. पालघर येथून फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत झटके आणि वाढीतील विलंब दोन्हींचा समावेश आहे. संशयित मुलाला तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याच्या केंद्राकडे आणि तिथून मोठ्या रुग्णालयाकडे पाठवले जाते. अकोला, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; बुलढाण्याच्या नव्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

ही साखळी तुटते ती बहुधा पहिल्याच कडीला. फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो, कधी बाहेरची बाधा समजून मारहाणही होते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे किंवा चपलेचे पाणी पाजणे हा गुन्हा आहे. खरा प्रथमोपचार साधा आहे. मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. लग्नाच्या कायद्यातील अडसरही गेला आहे. हिंदू विवाह कायद्यातून ‘अपस्मार’ हा शब्द 1999 च्या दुरुस्तीने वगळण्यात आला.

प्रतिबंध : दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, निरोगी वाहक असण्याची 50 टक्के आणि बिघडलेले जनुक मुळीच न उतरण्याची 25 टक्के असते. कुटुंबातील बिघाड आधी माहीत असेल, तर गरोदरपणाच्या सुमारे 11 ते 13 आठवड्यांत वारेच्या पेशी घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा 1994 चा कायदा नोंदणीकृत केंद्रात अशा आनुवंशिक आजारांच्या तपासणीला परवानगी देतो. विदर्भात सिकलसेलसाठी लग्नापूर्वी रक्त तपासून घेण्याचा आग्रह अनेक संस्था धरतात. एमएलसीसाठीही हीच पद्धत उपयोगी आहे. सर्वांत आधी तपासणी व्हायला हवी ती आजारी मुलाच्या काका, मामा, आत्या आणि मावशी यांच्या कुटुंबांची.

सद्यःस्थिती : एमएलसी मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. झटक्यांवर औषधे, ताठरपणासाठी व्यायामोपचार, डोक्याचे संरक्षण आणि शाळेत सामावून घेणे यांवर आज उपचार उभे आहेत. बार्सिलोनातील संशोधकांनी एमएलसी1 नसलेल्या उंदरांच्या अनुमस्तिष्कात निरुपद्रवी विषाणूवाटे निरोगी जनुक पोहोचवले, तेव्हा मायेलीनमधील पोकळ्या कमी झाल्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांचा समावेश असल्याने अशा मुलांना अपंगत्व प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्याआधारे शिक्षणात व प्रवासात सवलती घेता येतात. ज्या घरात असे मूल आहे, त्या पालकांनी जनुकतपासणीचा अहवाल जपून ठेवावा, त्याची प्रत जवळच्या नातेवाइकांना द्यावी आणि पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिकी सल्लागाराची भेट घ्यावी.